ब्रॅडलीचे सोळा भोपळे

क्रिकेटमध्ये भोपळा एकट्या फलंदाजाच्या वाट्याला येतो. बेसबॉलमध्ये तो अख्ख्या संघाला मिळतो. नऊच्या नऊ इनिंग्ज खेळून एकही धाव नाही, म्हणजे शटआउट. २३ जुलै १८७० ला न्यूयॉर्कच्या म्युच्युअल्स संघाने शिकागोला ९-० ने धुतलं, त्यानंतर अमेरिकेत शून्यावर हरलेल्या संघाचा ‘शिकागो झाला’ असंच लोक म्हणू लागले. बिचारं शहर!

१८७६ साली नॅशनल लीगच्या पहिल्याच हंगामात सेंट लुईसचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जॉर्ज ब्रॅडली याने १६ शटआउट टाकले, म्हणजे सोळा सामन्यांत समोरच्या संघाला शून्यावर रोखलं. संघाचे सामने ६४, आणि प्रत्येक सामन्यात पहिला चेंडू टाकणारा हाच. खांदा निखळला कसा नाही? तेव्हाच्या नियमानुसार हात कमरेच्या खाली ठेवूनच चेंडू सोडावा लागे. अशा अंडरआर्म फेकीत खांद्याला बसणारा पीळ बराच कमी असतो.

शिवाय पिचर उभा असे जेमतेम ४५ फुटांवर, म्हणजे १३.७ मीटरवर. आजचं अंतर १८.४ मीटर आहे. ते १८९३ मध्ये ठरलं. समजा, चेंडूचा वेग ताशी १०० किलोमीटर आहे. हवेचा अडथळा सोडून दिला, तर ४५ फुटांवरून तो साधारण ०.४९ सेकंदात बॅटरपाशी पोचतो. आजच्या अंतरावरून तेवढ्याच वेळात पोचायचं तर ताशी सुमारे १३५ किलोमीटर वेग हवा. म्हणजे मध्यम वेगाचा चेंडूही बॅटरला तेव्हा चांगलाच वेगवान वाटत असणार.

मग सगळं पिचरच्याच पथ्यावर? छे. बहुतेक क्षेत्ररक्षक उघड्या हातांनी खेळत. जोरात आलेला चेंडू तळहातावर चटका देऊन निसटला, की धावा पळायच्या. आजच्या पद्धतीने, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून हिशोब केला, तर ब्रॅडलीच्या खात्यावर नऊ इनिंग्जमागे फक्त १.२३ धावा पडतात. प्रत्यक्षात सेंट लुईसने सामन्यामागे साडेतीनहून अधिक दिल्या. उरलेल्या बहुतेक धावा सुटलेल्या चेंडूंच्या आणि चुकलेल्या फेकींच्या. त्यामुळे ते सोळा भोपळे मला एकट्या ब्रॅडलीचे वाटत नाहीत. त्या सोळा दिवशी मागच्या मंडळींचे हातही चालले होते.

१९१६ मध्ये फिलाडेल्फियाच्या ग्रोव्हर अलेक्झांडरने १६ ची बरोबरी केली. तोवर त्याच्या संघात प्रत्येकाच्या हातात ग्लोव्ह आला होता.