पोह्यांआधी कॉफी

रविवारी सकाळी साडेदहाला इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या नेहमीच्या कॅफेत टेबल मिळणं कठीणच. एकीकडे कॉफीचं यंत्र फुसफुसत असतं, दुसरीकडे उकळत्या पाण्याच्या वाफेवर पोहे. प्लेटीत शेव, कांदा, वरून भुरभुरवलेला जीरावन मसाला आणि लिंबाची फोड. परवा वहिनीने ती फोड बाजूला सारली, पर्समधून लोहाची गोळी काढली आणि कॉफीच्या घोटाबरोबर घेणार, तेवढ्यात मी म्हणाले, "वहिनी, कॉफीबरोबर नका घेऊ ती!"

कच्ची केळी विळीवर चिरताना पातं आणि बोटं काळी पडतात, ते केळ्यातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य पात्याच्या लोखंडाला धरतं म्हणून. कॉफीत त्याच गोत्राची द्रव्यं असतात, पॉलिफेनॉल. त्यातलं मुख्य क्लोरोजेनिक आम्ल. ही द्रव्यं पोटात अन्नातलं लोह घट्ट धरून ठेवतात. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात लोह शोषलं जायला हवं, पण असं बांधलेलं लोह तिथून तसंच पुढे निघून जातं. दोष कॅफिनचा नाही. दूध घालूनही सुटका नाही, कारण दुधातलं कॅल्शियमही लोहाला आडकाठी करतं.

१९८३ मध्ये मॉर्क, लिंच आणि कुक या अमेरिकी संशोधकांनी हे मोजलं. हॅम्बर्गरच्या जेवणाबरोबर एक कप कॉफी घेतली, तर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं. चहाने तर ६४ टक्क्यांनी. मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्यांची पुढची नोंद. जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने काहीच घट झाली नाही, जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या कॉफीने मात्र जेवणासोबत घेतल्याइतकीच झाली. तासाभरात अन्न पोटातून पुरतं पुढे सरकलेलं नसतं, कॉफी त्यातच जाऊन मिसळते. आपण तर खाऊन झालं की हमखास कॉफी मागवतो!

आणि लिंबू? पोह्यांतलं लोह बहुतांशी फेरिक रूपात असतं, आतड्याच्या पेशी मात्र फेरस रूपातलंच आत घेतात. हा बदल घडवायला क जीवनसत्त्व मदत करतं. उष्णतेने ते नासतं, म्हणून लिंबू कढईत न पिळता प्लेटीत पिळावं. इंदूरची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते.

तब्येत ठणठणीत असलेल्याने कॉफीची धास्ती घेऊ नये. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे त्या कॅफेत बसलेल्या कितीतरी जणींचा हा प्रश्न आहे. त्यांच्यासाठी कॉफीची वेळ बदलणं हा बिनखर्चाचा उपाय आहे. गोळी सुरू असेल तर ती चहा-कॉफीपासून लांबच ठेवावी.

वहिनीने गोळी परत पर्समध्ये ठेवली, पोह्यांवर लिंबू पिळलं आणि कॉफीचा कप दादाकडे सरकवला.