पिण्याचं परमिट आणि पाजण्याचं लायसन्स

राज्य हौशी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी आटोपली की जळगाव-धुळ्याकडच्या नाट्यसंस्थांमध्ये भरीत पार्टीचा विषय निघतोच. दिवस थंडीचे, वांगी ऐन हंगामातली, कुणाचा तरी मळा मोकळा असतो. मग कोणीतरी हळूच म्हणतं, "आप्पा, या वेळी थोडी दारूची सोयही करू ना. पाच पाच रुपयांची परमिटं फाडू सगळ्यांच्या नावानं, म्हणजे कायद्यात बसलं." बसत नाही. आणि हा गैरसमज इतका पसरलेला आहे की एखाद्या संस्थेचा चिटणीस नाहक अडकण्याआधी तो दूर झालेला बरा.

आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आजही लागू आहे, आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावानं. त्याचा पाया असा की दारू विकणं, बाळगणं, पिणं मुळात बंद. जे चालतं ते सवलतीनं. परमिट ही त्यातली माणसाला मिळणारी सवलत. एका दिवसाचं परमिट विदेशी मद्यासाठी ५ रुपयांना आणि देशीसाठी २ रुपयांना मिळतं, वर्षाचं १०० रुपयांना, आजन्म १,००० रुपयांना. एक दिवसाची परमिटं दुकानात गल्ल्याशेजारी पावतीपुस्तकासारखी ठेवलेली असतात, नाव लिहून फाडून देतात. त्या कागदाचा अर्थ एवढाच: या इसमानं स्वतःपुरतं मद्य विकत घ्यावं, जवळ ठेवावं, प्यावं. दुसऱ्याला पैसे घेऊन पाजण्याची मुभा त्यात कुठंही नाही.

लायसन्स, सरकारी भाषेत अनुज्ञप्ती, ही जागेला आणि विक्रीला मिळते. तिच्यावर पत्ता असतो, जबाबदार माणसाचं नाव असतं, मुदत असते. गावातल्या परमिट रूमची अनुज्ञप्ती एफएल-३ प्रकारची. एखाद्या कार्यक्रमापुरती हवी असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे एका दिवसाच्या तात्पुरत्या क्लब अनुज्ञप्तीसाठी अर्ज करावा लागतो. अर्ज ऑनलाइन होतो, आणि तिचं शुल्क हजारांत जातं. पाच रुपये कुठं आणि हे कुठं, एवढ्यावरूनही दोन कागद एक नव्हेत हे ध्यानात यावं.

नाटकवाल्यांना हे समजायला खरं तर जड जाऊ नये. संहितेला परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र मिळालं म्हणून नाट्यगृहाची तारीख आपोआप मिळत नाही, आणि तारीख मिळाली म्हणून प्रमाणपत्राशिवाय पडदा उघडता येत नाही. परमिट आणि लायसन्स यांचं नातं तसंच आहे. दोन्ही लागतात, आणि एक दुसऱ्याचं काम करत नाही.

सगळ्यात जास्त घोळ वर्गणीपाशी होतो, म्हणून तिथं जरा थांबतो. आपण म्हणतो, "आम्ही विकत थोडीच आहोत? माणशी पाचशे काढले, त्यातच भरीत, पुरी, शेवभाजी आणि बाकीचं." पण कायद्यातली बेकायदा मद्यपानगृहाची व्याख्या बरीच रुंद आहे. पिण्याचे पैसे घेतले, जागेचे घेतले किंवा तिथल्या इतर सोयीचे घेतले, तरी लाभ झाला असं धरता येतं. अशी जागा चालवणाऱ्यावर कलम ६८ लागतं आणि तिथं पिताना सापडलेल्यावर कलम ८४. म्हणजे परमिट खिशात असलेला पाहुणाही सुटला असं समजू नये, आणि वर्गणीची वही ज्याच्या हातात आहे तो तर नाहीच. आपल्या संस्थांमध्ये ती वही बहुधा एखाद्या शिक्षकाच्या नाहीतर बँकेतल्या कारकुनाच्या हातात असते. गुन्हा दाखल झाला तर त्याची नोकरी पणाला लागते. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त काळजी त्याची वाटते.

दुसरा नेहमीचा तोडगा म्हणजे ओळखीचा बारवाला. "माझं लायसन्स आहे ना, माझा माणूस मळ्यात काउंटर लावेल." तो मनापासून मदत करायला निघालेला असतो, पण त्याचं लायसन्स त्याच्या पत्त्यापुरतं आहे. ते उचलून दुसरीकडे नेता येत नाही. नेलं तर आपल्याबरोबर त्याचाही धंदा धोक्यात येतो.

आता समजा, एका दिवसाची अनुज्ञप्ती रीतसर मिळाली. तरी येणाऱ्याचं परमिट आणि वय पाहावंच लागतं. देशी-विदेशी मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची, सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१. हौशी संस्थांमध्ये प्रकाशयोजना सांभाळणारी, नेपथ्य उचलणारी निम्मी पोरं कॉलेजातली असतात. ती या दोन्ही अटींत बसत नाहीत. शिवाय नाट्यगृहाच्या आवारात काही करायचा विचार असेल तर भाड्याचा करारनामा आधी वाचा. जागामालकाची मनाई असेल तर लायसन्सचा विषयच उरत नाही.

लंडनला जाऊन आलेले लोक तिथल्या छोट्या नाट्यगृहांतल्या बारचं कौतुक सांगतात, आणि ते खरंही आहे. मध्यंतरातल्या विक्रीवर कित्येक हौशी संस्था छपराचा खर्च काढतात. पण तिथली मांडणीच निराळी आहे. इंग्लंड-वेल्समध्ये २००३ च्या कायद्यानं जागेला लायसन्स आणि विक्रीची जबाबदारी घेणाऱ्याला वैयक्तिक लायसन्स लागतं. पिणाऱ्याला कागद लागत नाही, फक्त वय लागतं. एखाद-दुसऱ्या कार्यक्रमासाठी २१ पौंड भरून पालिकेला तात्पुरती सूचना दिली तरी भागतं, मात्र एका वेळी तिथं ४९९ च्या वर माणसं नकोत. ते ऐकून "आपल्याकडेही कागद माणसाच्याच नावचा असतो" असं म्हणणारा फसतो. तिथला वैयक्तिक कागद विकणाऱ्याचा, इथला पिणाऱ्याचा.

खान्देशाला सीमेचीही भानगड आहे. नवापूरचं रेल्वे स्टेशन निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातेत. एका बाकावर बसलेल्या दोघांची राज्यं वेगळी असू शकतात. गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे आपलं परमिट बाकाच्या त्या टोकाला निरुपयोगी. तिकडे मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर-सेंधव्याकडून स्वस्तात बाटल्या आणायचा मोह होतो, तोही आवरावा. बाटलीच्या लेबलावर कोणत्या राज्यात विक्रीसाठी आहे ते छापलेलं असतं, आणि तपासणीत पहिल्यांदा तेच पाहतात. तात्पुरत्या लायसन्सवरही माल घ्यायचा तो महाराष्ट्रातल्या परवानाधारक विक्रेत्याकडूनच, आणि बिल जपून ठेवायचं.

तारीख ठरवण्याआधी कॅलेंडर बघा. कार्तिकी एकादशी याच दिवसांत येते आणि तो कोरडा दिवस असतो. गावात निवडणूक लागली असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवसही बंद. त्या दिवशी परमिट असो वा लायसन्स, फक्त भरीतच होणार.