शेजारच्या पीसीवरून आलेलं अपडेट ताब्यात असतं असं नाही

“लॅनवर (ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर) शेअरिंग चालू केलंय, आता अपडेट आपल्या हातात.” सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीपासून होटगी रोडपर्यंत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता लिहूनच टाकतो. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन (विंडोजमधलं हेच शेअरिंग) आणि डब्ल्यूएसयूएस (अपडेट मंजूर करायचा ऑफिसातला सर्व्हर) यांतला हा घोळ आहे.

विंडोज अपडेट सगळ्यांना माहीत आहे. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत सकाळी निघतं, तेव्हा आपल्याकडे रात्र असते. बुधवारी ऑफिस उघडलं की चाळीस पीसी एकच फाइल चाळीस वेळा ओढतात आणि नेट रखडतं.

डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन हे फक्त या दुखण्यावरचं औषध. एका पीसीने उतरवलेले तुकडे बाकीचे त्याच्याकडून ७६८० पोर्टवरून घेतात. विंडोज १० पासून ते आतच आहे, वेगळा सर्व्हर नको. पण कोणतं अपडेट घ्यायचं आणि कधी, हे ठरवणं त्याचं कामच नाही. ते डब्ल्यूएसयूएसचं काम: तिथे आपण मंजूर केल्याशिवाय पीसीला अपडेट मिळत नाही. सोलापूरकराला हे समजायला जड जाऊ नये. पाणी कधी सोडायचं ते चावीवाला ठरवतो. शेजारून कळशी भरून आणली म्हणजे चावी आपल्या हातात आली असं होत नाही.

एका टॉवेलच्या कारखान्यात असंच शेअरिंग चालू करून ‘कंट्रोल’ दिल्याचं सांगितलं गेलं होतं. डिस्पॅचच्या लेबल प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, जुनाट. नव्या अपडेटशी त्याचं जमलं नाही. गेटवर ट्रक उभा आणि दोन मुलं स्केचपेनने खोक्यांवर पत्ते लिहितायत. शेअरिंगमुळे एवढंच झालं की नको असलेलं अपडेट सगळ्या पीसींवर लवकर पोचलं.

डब्ल्यूएसयूएसवाल्यांचीही एक चूक असते. मंजूर केलं की दहा मिनिटांत फोन येतो, “अजून आलं नाही.” सर्व्हर काही ढकलत नाही, पीसी स्वतः विचारायला येतो, आणि सेटिंग बदललं नसेल तर साधारण २२ तासांनी.

आणि मंजुरी हातात आहे म्हणून महिनोन्‌महिने रोखूनही ठेवू नका. वॅनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस १२ मे २०१७ ला पसरला. त्याने वापरलेलं भगदाड बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलं होतं.

वीस-पंचवीस पीसींच्या ऑफिसात मी डब्ल्यूएसयूएस बसवत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यात नवं काही घालणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. ते चालतं, पण नव्याने कशाला त्यात पडायचं? विंडोज प्रो घ्या, ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवायच्या जागी) मासिक अपडेट सात दिवस पुढे ढकला (३० पर्यंत ढकलता येतं), आणि शेअरिंग चालू ठेवा. दोन्ही एकत्र छान नांदतात. होम एडिशनचे लॅपटॉप मात्र ऑफिसात आणूच नका, त्यात ग्रुप पॉलिसीच नाही. थोडे पैसे वाचवायच्या नादात हे फार होतं.

एका पीसीला सात दिवसांची सवलत देऊ नका. तो पीसी लेबल प्रिंटर जोडलेला असावा, म्हणजे घोळ बाकीच्यांआधी तिथेच कळेल.