रागगीताला जॅझ-ब्लूजची साथ

रागगीताला जॅझ-ब्लूजची साथ : रागात बांधलेली बंदिश, नाट्यपद किंवा भजन मूळ चालीत गायचे आणि पेटी-तबल्याच्या जोडीला गिटार, पियानो, बास, ड्रम घ्यायचे, असा मिश्र गानप्रकार.

ब्लूज, म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेले गाणे, जन्मले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यातून. वऱ्हाडाला ते परके वाटू नये. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात तिथला कापूस इंग्लंडला, मँचेस्टरच्या गिरण्यांत पोचेना, तेव्हा अमरावती-खामगावच्या कापसाला भाव चढला होता.

बांधणीतली जवळीक याहून मोलाची. ब्लूजच्या कडव्यात चार-चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे ४८ मात्रा. ओळी तीन: पहिली पुन्हा म्हणायची, तिसरीने तिला उत्तर द्यायचे. प्रत्येक ओळ १६ मात्रांची, नेमके त्रितालाचे एक आवर्तन! बुवांनी म्हटलेला चरण टाळकऱ्यांनी उचलायचा, हे भजनात लहानपणापासून ऐकलेल्या कानाला ही घडण समजावून सांगावी लागत नाही. धानी रागाचे सा, कोमल ग, म, प, कोमल नी हे पाचही स्वर ब्लूजमध्ये आहेत; तीव्र म मिळवला की त्याची स्वरावली पुरी होते. ब्लूजचा गंधार शुद्ध आणि कोमल यांच्यामध्ये झुलतो. जोग रागात हे दोन्ही गंधार आहेत, म्हणून या मेळाला जोग फार शोभतो.

खरी अडचण कॉर्डची, म्हणजे एकदम वाजवलेल्या तीन-चार स्वरांच्या जुडीची. मध्यमाच्या कॉर्डमध्ये धैवत येतो, पंचमाच्या कॉर्डमध्ये रिषभ. जोगमध्ये हे दोन्ही स्वर वर्ज्य. गिटारवाल्याने हाताच्या सवयीने त्या वाजवल्या की राग तिथेच मोडला. जाणता साथीदार अशा जागी कॉर्ड सोडून नुसते सा-प धरतो आणि गायकाच्या मागून चालतो. खेड्यातला चांगला पेटीवाला हेच करतो: बुवा कुठे टेकणार ते हेरून मागोमाग सूर भरतो. पेटीवर आणि पियानोवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही. तारेवर कांब सरकवून वाजवलेल्या गिटारवर निघते. त्या गिटारला हिंदुस्थानी रागसंगीतात ब्रिजभूषण काब्रा यांनी स्थान मिळवून दिले.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली अमेरिकी वादक लिऑन ॲबीचा जॅझ वाद्यवृंद आला. पुढे जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक हिंदी चित्रपटसंगीतात शिरले, आणि ती लय गावोगावी पोचली.

विदर्भाच्या खेड्यात तालासाठी ड्रमच हवा असे नाही. यावलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरी घराघरात नेली. तिच्या चामड्यावरची थाप आणि चकत्यांची किणकिण ड्रम व झांज या दोघांचे काम एका हातात करते, आणि गाणाऱ्याचे शब्दही झाकत नाही.