रस्ता कुणाच्या गावावरून जातो?

मिशेलिन ही टायर बनवणारी फ्रेंच कंपनी. आफ्रिकेत मोटारीने फिरणाऱ्यांसाठी ती कित्येक वर्षं रस्त्यांचे नकाशे छापत आली. डांबरी रस्ता कुठला, कच्चा कुठला, हे त्यावर नीट दाखवलेलं असे. टायर विकणाऱ्याला रस्त्याबद्दल खोटं बोलून काही मिळत नाही. सरकारी अहवाल लिहिणाऱ्याला मिळू शकतं. केनियातल्या राजकारणाचा माग काढायला रॉबिन बर्जेस आणि त्यांच्या चार सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी नेमके हेच जुने नकाशे वापरले, आणि जोडीला सरकारी खर्चाचे आकडे घेतले. त्यांचा शोधनिबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला.

केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला. पहिले नेते जोमो केन्याटा किकुयू जमातीचे. १९७८ मध्ये ते वारले आणि डॅनियल अराप मोई अध्यक्ष झाले. ते कालेनजिन. अध्यक्ष ज्या जमातीचा, तिच्या जिल्ह्यांत रस्ते जास्त होतात का, हा प्रश्न राजधानी नैरोबीतल्या चहाच्या टपरीवर विचारला असता तर लोक हसले असते. ‘आता खायची पाळी आमची’ असं तिथे उघड म्हणतात. स्वाहिलीत ‘कुला’ म्हणजे खाणं. पैसे खाणारी भाषा एकटी मराठीच नाही.

पण एखादी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असली म्हणून ती सिद्ध झालेली नसते. किकुयूंचा मुलूख नैरोबीला लागून, जमीन कसदार, चहा-कॉफीचे मळे, वस्ती दाट. तिथे रस्ते होणारच, असं कुणीही म्हणेल. केनिया सरकारने तसं म्हटलंही होतं. १९६५ च्या त्यांच्या धोरणपत्रात लिहिलं होतं की विकासाचा पैसा जिथे जास्तीत जास्त उत्पन्न देईल तिथे गुंतवावा. म्हणजे जिथे जमीन चांगली, पाऊस चांगला, वाहतूक आणि वीज आधीच आहे तिथे. युक्तिवाद तसा चुकीचा नाही. आपल्या पोळीवर तूप ओढून घेणाऱ्यालाही तो फार सोयीचा, एवढंच.

मग तूप आणि तर्क वेगळे कसे करायचे? संशोधकांनी एकच जिल्हा वर्षानुवर्षं पाहिला. जिल्ह्याची माती बदलत नाही, पाऊसमान फारसं बदलत नाही, नैरोबीपासूनचं अंतर तर मुळीच नाही. बदलतो तो अध्यक्ष. शिवाय जिल्ह्यात किती लोक राहतात आणि रस्त्यांच्या खर्चात त्यांना किती वाटा मिळाला, हे प्रत्येक वर्षी ताडून पाहिलं. लोकवस्ती आणि बाजारपेठा एवढाच हिशोब धरला असता तर रस्त्यांचं जाळं कसं दिसलं असतं, असा एक काल्पनिक नकाशाही संगणकावर तयार केला आणि खऱ्या नकाशाशेजारी ठेवला.

जमीन हे कारण असतं तर १९७८ नंतरही रस्ते किकुयूंकडेच जात राहिले असते. तसं झालं नाही. अध्यक्षाच्या जमातीच्या जिल्ह्यांना इतरांच्या मानाने रस्त्यांसाठी दुप्पट पैसा मिळाला होता आणि तिथे बांधलेल्या डांबरी रस्त्यांची लांबी पाचपट भरली.

हे आकडे सर्वत्र उद्धृत होतात. मला मात्र त्यानंतरचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. हा पक्षपात सगळ्या वर्षांत दिसत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, विरोधी पक्ष शाबूत असताना, तो नव्हता. १९६९ मध्ये विरोधी पक्षावर बंदी आली आणि तो सुरू झाला. १९८२ मध्ये तर घटनेतच एकपक्षीय राजवट लिहिली गेली. पुढे शीतयुद्ध संपलं, मदत देणाऱ्या देशांनी १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये हात आखडता घेतला, देशातलं आंदोलनही पेटलं होतं. डिसेंबरात ते कलम रद्द झालं. पुढच्या वर्षीच्या बहुपक्षीय निवडणुकीनंतर पक्षपात पुन्हा ओसरला.

आणि अध्यक्ष कोण होते? तेच मोई. विरोधकांच्या फाटाफुटीमुळे ते १९९२ आणि १९९७ अशा दोन्ही निवडणुका जिंकले. माणूस बदलला नाही, त्याचं मनपरिवर्तन झाल्याचंही ऐकिवात नाही. फक्त संसदेत हिशोब मागणारं कुणीतरी येऊन बसलं.

एका देशावरून आणि दोन-तीन अध्यक्षांवरून किती बोलायचं, ही शंका रास्त आहे. त्यासाठी रोलंड होडलर आणि पॉल राश्की या अर्थशास्त्रज्ञांनी आकाशातून पाहिलं. अमेरिकी लष्कराचे हवामान-उपग्रह ढग पाहण्यासाठी सोडलेले; रात्री खाली लागलेले दिवेही त्यांना टिपता येतात. १२६ देशांतल्या ३८ हजारांवर प्रदेशांचा १९९२ ते २००९ मधला उजेड मोजला, तर सत्तेवरच्या नेत्याचा जन्मप्रदेश अधिक उजळलेला आढळला. संस्था दुबळ्या आणि शिक्षण कमी, तिथे हा फरक सर्वांत ठळक. काँगोचे हुकूमशहा मोबुटू यांनी तर ग्बाडोलिटे या आपल्या जंगलातल्या गावी महाल उभारले आणि काँकॉर्ड हे स्वनातीत विमान उतरेल एवढी धावपट्टी बांधली.

निवडणुका आल्या की सगळं सुरळीत होतं, असं मात्र कुणी समजू नये. केनियातच २००७ च्या मतदानानंतर हजारावर माणसं मारली गेली. शिवाय निवडणुकीला पैसा लागतो, तो कुठून तरी काढावा लागतो. यासाठी आपल्याला आफ्रिकेत जायची गरज नाही. अर्थशास्त्रज्ञ संदीप सुखटणकर यांनी महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचा अभ्यास केला, तेव्हा राजकारण्यांच्या ताब्यातल्या कारखान्यांत निवडणुकीच्या वर्षी उसाला भाव कमी मिळतो असं आढळलं. निवडून आल्यावर शेतकऱ्याची भरपाई होत असावी, म्हणून हे खपून जात असेल, असा त्यांचा कयास. उसाच्या पट्ट्यातल्या वाचकांना यात नवं काही वाटणार नाही.

केनियाने २०१० मध्ये नवी राज्यघटना स्वीकारली. देशाचे ४७ काउंटी, म्हणजे जिल्ह्यासारखे विभाग, झाले, प्रत्येकाला निवडून आलेला गव्हर्नर, आणि राष्ट्रीय महसुलातला किमान १५ टक्के वाटा त्यांना द्यायचं बंधन. मागे राहिलेल्या भागांसाठी आणखी अर्धा टक्का वेगळा. रस्त्यांचा बराचसा प्रश्न आता नैरोबीतून काउंटीच्या मुख्यालयात पोहोचला आहे. तिथून पुढचा रस्ता कुणाच्या वस्तीवरून वळतो, हे मिशेलिनच्या नकाशावर शोधता येत नाही. तेवढे बारीक रस्ते त्यावर नसतातच.