बेरिॲट्रिक सर्जरी : ३५, ४० आणि ३२.५ हे आकडे आले कुठून

पाच फूट पाच इंच उंची, ९० किलो वजन आणि आठ-दहा वर्षांचा डायबेटिस. अशी एखादी मावशी किंवा काकू प्रत्येक सोसायटीत सापडेल. तिचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) काढला तर ३३ येतो. भारतातले सर्जन जे निकष वापरतात त्यानुसार ती वजनाच्या, म्हणजे बेरिॲट्रिक ऑपरेशनला बसते आणि तिच्या मेडिक्लेमच्या निकषानुसार बसत नाही. दोघांकडे छापील कागद आहे, आपापल्या जागी दोघंही बरोबर, मधल्या मधे पेशंट टीपीएच्या, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या मधल्या कंपनीच्या, टेबलाशी फाइल घेऊन उभी. हा घोळ कुणी मुद्दाम घातलेला नाही, तो साठत गेलाय, आणि कसा साठला ते बघायला लागलं की लक्षात येतं की यात विमा कंपन्यांच्या तक्त्यांचा हात अगदी पहिल्यापासून आहे.

जुना भाग पटकन उरकतो. अमेरिकेत मिनेसोटामध्ये १९५४ च्या सुमारास सर्जनांनी लहान आतड्याचा बहुतेक भाग बाजूला टाकून वरचं टोक थेट शेवटाजवळ जोडायचं ऑपरेशन प्रसिद्ध केलं. वजन धडाधड उतरायचं, पण सोबत न थांबणारे जुलाब, मुतखडे, काहींचं लिव्हरच निकामी, म्हणून १९८० येईपर्यंत ते मागे पडलं आणि कित्येकांचं उलटं ऑपरेशन करून आतडी परत जोडावी लागली. आजही घरात विषय निघाला की एखादे आजोबा "त्यात माणसं मरतात" म्हणतात, त्या भीतीचं मूळ बऱ्यापैकी या पहिल्या प्रकारात आहे. दुसरा रस्ता १९६६-६७ मध्ये आयोवात निघाला. अल्सरसाठी पोटाचा (जठराचा) भाग काढलेल्या लोकांचं वजन नंतर वाढता वाढत नाही हे सर्जनांना दिसत होतंच, मग तेच वजनासाठी का वापरू नये, असा तो साधा विचार. आजचा गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे पोटाची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणं, त्यातूनच आला.

आता शब्दाची गंमत. "मॉर्बिड ओबेसिटी" हा शब्द ऐकायला एकदम शास्त्रीय वाटतो, पण १९६० च्या दशकात तो वापरात आणला तो मुख्यतः विमा कंपन्यांनी ऑपरेशनचे पैसे द्यावेत म्हणून, असं या क्षेत्रातलीच जुनी मंडळी सांगतात. नुसता "लठ्ठपणा" म्हटलं की कंपनी म्हणणार हौस आहे, त्याला आजाराचं विशेषण लावलं की निदान अर्ज तरी उघडून बघतील. मग मॉर्बिड कुणाला म्हणायचं? तर आदर्श वजनापेक्षा १०० पौंड, म्हणजे ४५ किलो जास्त असेल त्याला. आणि हे आदर्श वजन कुठलं, तर अमेरिकेतल्या आयुर्विमा कंपन्यांनी आपल्या पॉलिसीधारकांच्या मृत्यूंवरून काढलेल्या तक्त्यातलं. म्हणजे पॉलिसी परवडणाऱ्या, बहुतांशी गोऱ्या, अमेरिका-कॅनडातल्या लोकांचं वजन हे सगळ्या जगाचं माप झालं. बीएमआय नंतर आला. सूत्र १८३० च्या दशकातल्या एका बेल्जियन गणितज्ञाचं, लोकसंख्येच्या सरासरीसाठी काढलेलं, आणि त्याला बीएमआय हे नाव मिळालं थेट १९७२ मध्ये.

मग येतं १९९१. अमेरिकन सरकारच्या आरोग्य संस्थेने मार्चमध्ये तीन दिवसांची बैठक घेतली आणि ठरवलं की बीएमआय ४० च्या वर असेल तर ऑपरेशनचा विचार करा, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार असेल तर. आकडे गोल आहेत हे दिसतंयच, आणि ४० हा आकडा सरासरी उंचीच्या पुरुषाला लावला तर फिरून जवळपास तेच १०० पौंड जास्त येतात. त्या काळाच्या मानाने निर्णय चुकीचा नव्हता हे कबूल करायला पाहिजे. तेव्हा पोट छातीपासून बेंबीपर्यंत उघडायचे, टाके उसवायचे, हर्निया व्हायचे, धोका खरंच मोठा होता, त्यामुळे फार जाड माणसालाच हात लावा हे म्हणणं समजण्यासारखं. अडचण अशी की त्यानंतर ऑपरेशन पार बदललं आणि आकडे तीसेक वर्षं तिथल्या तिथे बसून राहिले.

काय बदललं? १९९३-९४ मध्ये दुर्बिणीतून बँड (पोटाचा वरचा भाग आवळणारा पट्टा) आणि बायपास सुरू झाले, चार-पाच छोटी भोकं आणि दोन-तीन दिवसांत घरी. बँडला अमेरिकेत २००१ मध्ये परवानगी मिळाली, काही वर्षं त्याची लाट आली आणि ओसरली, कारण बँड घसरतो, आत रुततो आणि बऱ्याच जणांचा शेवटी काढावाच लागतो. आज जे सगळ्यात जास्त होतं ते स्लीव्ह तर जवळजवळ अपघाताने आलं. ते एका मोठ्या ऑपरेशनचा पहिला टप्पा होतं. फार वजनाच्या पेशंटला एका वेळी सगळं झेपत नाही म्हणून २००० नंतर आधी फक्त पोटाचा ७५-८० टक्के भाग काढून उभी नळी ठेवायचे आणि उरलेलं सहा-आठ महिन्यांनी करायचे, तर त्यातले काही जण दुसऱ्या टप्प्याची गरजच नाही इतके उतरले. भारतात हे सगळं २००० नंतरच खऱ्या अर्थाने रुजलं, आणि २०११ मध्ये राज्यातल्या एका बड्या नेत्याने मुंबईत ऑपरेशन करून घेतल्यावर तर "बेरिॲट्रिक" हा शब्द चहाच्या टपरीवर पोचला. आपल्याकडे मिनी बायपासही खूप चालतो, १९९७ चा प्रकार, नाव मिनी पण काम मिनी नाही, दीड-दोन मीटर आतडं बाजूला जातं. नाव ऐकून "छोटंच आहे ना" म्हणणाऱ्या नातेवाईकांसाठी हे सांगून ठेवलं.

पुरावाही साठत गेला. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर लोकांचा पाठपुरावा झाला, निम्म्यांचं ऑपरेशन, निम्म्यांवर नेहमीचे उपचार. २००७ मध्ये निष्कर्ष आला की ऑपरेशन झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण सुमारे २९ टक्क्यांनी कमी. तेही त्यातली बहुतेक ऑपरेशनं आता कुणी करतही नाही अशा जुन्या पद्धतीची असताना.

आता मूळ घोळ, म्हणजे आपला ३२.५. भारतीय माणसाला कमी वजनातच डायबेटिस गाठतो हे डॉक्टरांना दिसत होतं, पण आकड्यात दाखवायचं काम बरंचसं पुण्यात झालं. तिथल्या संशोधकांनी दाखवलं की पुण्याकडची नवजात बाळं वजनाला इंग्लंडच्या बाळांपेक्षा पाऊण किलोने कमी असतात, पण चरबीत जवळजवळ त्यांच्या बरोबरीची, स्नायूच कमी. आणि २००४ मध्ये त्यातल्याच एका पुणेकर डॉक्टरने लंडनच्या मित्राबरोबर स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच २२.३, लंडनवाल्याच्या अंगात चरबी ९.१ टक्के, पुणेकराच्या अंगात २१.२. एका फोटोत सगळं आलं.

त्याच वर्षी जागतिक पातळीवरच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांचा विचार केला, पण झालं काय तर वेगळी व्याख्या करायला ते तयार झाले नाहीत. जुनेच आकडे ठेवून त्यांनी मधे "कृतीचे टप्पे" टाकले, २३, २७.५, ३२.५ आणि ३७.५, आणि कुठला वापरायचा ते देशांनी आपापलं ठरवावं म्हणून सोडून दिलं. माझ्या मते घोळाची खरी गाठ इथे आहे, कारण व्याख्या म्हटली की सगळ्यांना मानावी लागते, टप्पा म्हटलं की ज्याला सोयीचा तो घेतो. भारतीय डॉक्टरांच्या एका गटाने तो घेतला. २००९ मध्ये छापलेल्या त्यांच्या मसुद्यात २३ ला जास्त वजन, २५ ला लठ्ठपणा, आणि ऑपरेशनसाठी आजार असेल तर ३२.५, नसेल तर ३७.५ असं आलं. म्हणजे अमेरिकन आकड्यांतून सरळ अडीच वजा.

आणि विमा नियामकाने तो घेतला नाही. २०१९ मध्ये पॉलिसीतल्या वगळलेल्या गोष्टींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी करण्यात आली आणि त्यात लठ्ठपणाच्या ऑपरेशनला अटींवर दार उघडलं. वय १८ पूर्ण, डॉक्टरचा सल्ला, बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि आधीचे उपाय फसलेले असून सोबत चारपैकी एक आजार, लठ्ठपणामुळे हृदयाचा स्नायू कमजोर, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा अनियंत्रित टाइप २ डायबेटिस. त्याआधी बहुतेक पॉलिसींत हा विषय सरसकट बाहेर असायचा, "कॉस्मेटिक" म्हणून, त्यामुळे २०१९ हे पुढचं पाऊल होतं हे मान्यच. पण आकडे १९९१ चेच. दहा वर्षांपूर्वी आपल्याच देशात छापलेला आकडा समोर असताना अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा अमेरिकेचा का उचलला?

बरं त्या यादीत गुडघे नाहीत, पीसीओडी नाही, फॅटी लिव्हर नाही. आणि "अनियंत्रित" हा शब्द तर बघाच. ज्या बाईने भात सोडला, सकाळ-संध्याकाळ चालली, तीन गोळ्या आणि इन्सुलिन वेळेवर घेऊन शुगर ताब्यात ठेवली ती नियंत्रित, म्हणजे बाद, आणि जिने काहीच केलं नाही तिची फाइल पुढे सरकते. आपल्या सुरुवातीच्या मावशीला ३५ गाठायला साधारण ९५ किलो लागतात, म्हणजे पाच किलो वाढवून आली तर एक अट पूर्ण. तिकडे सर्जन सांगतो ऑपरेशनआधी दोन आठवडे कमी कॅलरीचं खा, लिव्हर लहान झालं पाहिजे, नाहीतर दुर्बिणीतून पोट दिसत नाही. एक म्हणतो वाढव, एक म्हणतो उतरव.

२०२२ मध्ये सर्जनांच्या दोन मोठ्या संघटनांनी, एक अमेरिकेची आणि एक जागतिक, १९९१ चे आकडे मोडीत काढले. ३५ च्या वर असेल तर दुसरा आजार असो नसो ऑपरेशन सुचवा, ३० च्या वर डायबेटिससारखा आजार असेल तर विचार करा, आणि आशियाई लोकांना २७.५ पासूनच ऑपरेशन सुचवा. सर्जनच हे म्हणतायत तेव्हा थोडं जपूनच घ्यायला हरकत नाही, त्यांचा धंदा आहे तो. तरी दिशा सगळ्यांची तीच आहे.

पेशंटच्या अपेक्षांचा इतिहासही असाच आकड्यांनी भरकटलाय. जाहिरातीत "७० टक्के वजन कमी" असतं ते जास्तीच्या वजनाचे ७० टक्के, एकूण वजनाचे नाही. एकूण वजनात बघाल तर पहिल्या वर्ष-दीड वर्षात साधारण २५ ते ३० टक्के उतरतं, मग थांबतं, आणि पुढे थोडं परत चढणं हे नेहमीचं आहे, त्याला फेल म्हणायचं नसतं. पहिले दोन आठवडे फक्त पातळ, मुगाचं कढण, ताक, नारळपाणी, मग मऊ भात-वरण, मग हळूहळू नेहमीचं पण दोन-चार चमचे. जेवताना पाणी नाही. प्रोटीन रोज ६० ग्रॅमच्या पुढे, जे शाकाहारी घरात पनीर-डाळीवर जमवताना नाकी नऊ येतात म्हणून पावडर लागतेच. तीन ते सहा महिन्यांत केस गळतात, बायका घाबरतात, पण केस बहुतेकदा परत येतात. बायपासमध्ये श्रीखंड-गुलाबजाम खाल्ला की घाम, धडधड, चक्कर. स्लीव्हमध्ये ॲसिडिटी वाढू शकते, आधीच जास्त असेल तर बायपासकडे वळवतात. बी१२, आयर्न, कॅल्शियम, डी जन्मभर, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात, दोन वर्षांनी बरं वाटलं की गोळ्या बंद. मूल हवं असेल तर दीड वर्ष तरी थांबायचं. लोंबणारी कातडी काढायला वेगळं ऑपरेशन, आणि ते मात्र खरंच कॉस्मेटिक धरतात, खिशातून. आणि पंगतीतला आग्रह, "अगं काहीच खाल्लं नाहीस", त्याला कुठल्याच गाइडलाइनमध्ये औषध नाही.

आता वजन उतरवणारी इंजेक्शनं आलीत. टिर्झेपॅटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जूनमध्ये, आणि आकड्यांचा हा सगळा खेळ अजूनच गुंतला. समजा आपल्या मावशीने इंजेक्शन घेऊन आठ किलो उतरवले तर बीएमआय ३० वर येतो आणि २००९ च्या ३२.५ मधूनही ती बाहेर पडते. इंजेक्शन परवडेना म्हणून बंद केलं की वजन बहुतेकदा परत येतं. मग ऑपरेशनसाठी तिचा कुठला बीएमआय धरायचा, आयुष्यातला सगळ्यात जास्त, इंजेक्शनआधीचा, की ॲडमिट होताना काट्यावर दिसेल तो? २०१९ च्या मजकुरात फक्त "बीएमआय" लिहिलंय, कुठल्या दिवशीचा ते लिहिलेलं नाही.