दगडी जोतं, सागवानी सांगाडा: देशावरच्या वाड्याची बांधणी

वाईजवळ मेणवलीत, कृष्णेकाठी, नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा आहे. त्याचं दगडी जोतं (घराचा चौथरा) आणि जाड भिंती पाहून सगळा भार भिंतींवरच असेल असं वाटतं. पण मजले आणि छपराचा मोठा भार सागवानी खांबांवर असतो. पेशवेकालीन वाड्यांची ही सर्वसाधारण रीत, आणि दुरुस्तीत नेमकी हीच विसरली जाते.

सह्याद्रीचा काळा पाषाण पाणी फारसं पीत नाही, म्हणून जोतं त्याचं. पण तो इतका टणक, की घरासाठी त्यात बारीक नक्षी काढणं फार कष्टाचं. हौस फेडली ती लाकडात: सुरूदार (सुरूच्या झाडाच्या घाटाचे) खांब, कोरलेली केळफुलं, महिरपी. पुण्याचा विश्रामबागवाडा (१८०७) त्यासाठी जरूर पाहावा. शनिवारवाड्याचे वरचे मजले विटा-लाकडाचे होते. १८२८ च्या आगीत ते गेले, जोती आणि तट उरले.

वाडा मोजायचा तो खणांत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच-सहा फूट. खांब जमिनीत पुरत नाहीत, दगडी तळखड्यावर उभा करतात. त्यामुळे बुंध्याला ओल लागत नाही. वर तुळई, तुळईवर कड्या (आडवे लहान वासे), कड्यांवर फळ्या आणि मातीचा थर.

दगडी भिंत दोन पदरांची, मध्ये चुना आणि दगडांच्या कपच्यांची भर. ठरावीक अंतरावर आरपार जाणारा लांब दगड घालावाच लागतो. तो चुकवला की पदर एकमेकांपासून सुटतात आणि भिंत पोट काढते. चुन्याची कळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) पाण्यात विरवून, वाळू मिसळून, बैलाने ओढायच्या घाण्यात मळत. चिकटपणासाठी गूळ, हिरडा किंवा बेलफळाचं पाणी घालत.

असा चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो. दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरल्या की ती वाट बंद होते. मग ओल सापडेल तिकडे, म्हणजे भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकाकडे, वळते. टोक आतून कुजतं, मागोमाग वाळवी येते, आणि बाहेरून भिंत अगदी धडधाकट दिसत असते. म्हणून दरजा भरण्याआधी प्रत्येक तुळईचं टोक ठोकून, टोचून पाहावं. आवाज पोकळ आला तर आधी तुळईला धिरा (टेकू) द्यावा, भिंतीला हात नंतर.